अण्णांना स्वतःच्या अंत्यविधीची व्यवस्था आत्ताच लावून ठेवायचीय. फ्युनरल होममध्ये नेमकं काय विचारू?

कडेकडेने

विषय जरा अवघड आहे, पण विचारायला दुसरी जागा सुचत नाही म्हणून लिहिते.

माझे वडील, अण्णा, ८१ वर्षांचे. वयाच्या मानाने ठणठणीत. छातीत पेसमेकर, एका कानाला यंत्र, आणि डोकं माझ्यापेक्षा साफ. ३४ वर्षं एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. चिठ्ठीशिवाय खिळासुद्धा बाहेर जाणार नाही, हा बाणा. घरातली हत्यारंसुद्धा कोणी नेली, कधी परत केली, याची वही होती. (खरंच होती. दादाच्या नावावर त्यात अजून एक पक्कड येणे आहे.)

गेल्या महिन्यात ते एका जुन्या मित्राच्या अंत्यविधीला जाऊन आले. मित्राची तीन मुलं, तिघांची तीन मतं, आणि वडिलांना काय हवं होतं ते कुणालाच ठाऊक नाही. घरी आल्यावर अण्णांनी नवी कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'जावक'. मला म्हणाले, "दोन-तीन ठिकाणं बघून एक पक्कं करून टाकू. जमलं तर पैसेही भरून ठेवू. तुम्हाला त्या दिवशी फक्त एक फोन करायचा."

आई जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हा सगळं मावशीच्या मिस्टरांनी बघितलं होतं, त्यामुळे मला यातलं शून्य कळतं. दादाला विचारलं तर तो "अभद्र बोलू नका" म्हणून फोन ठेवतो.

एक ठिकाण बघून झालं. छान गालिचा, हळू आवाजात बोलणारा माणूस, टेबलावर पांढरी फुलं. अण्णांनी त्याला एकच प्रश्न विचारला: "तुमच्याकडे आणलेला माणूस मीच आहे, हे शेवटपर्यंत कसं कळतं? चिठ्ठी कुठे बांधता?" तो म्हणाला, "काका, आमच्यावर विश्वास ठेवा." अण्णा उठलेच. बाहेर आल्यावर म्हणाले, "विश्वास ठेवा म्हणणाऱ्याच्या गोदामात कायम तूट निघते."

तर, चांगलं ठिकाण ओळखायचं कसं? आगाऊ पैसे भरावेत का? आणि वहीत काय काय लिहून ठेवायचं?

भुईचाफा

तुझे अण्णा मला फारच आवडले. आमच्याकडे असं कुणी नव्हतं, म्हणून जे झालं ते सांगते.

माझा नवरा ५२ व्या वर्षी गेला. रात्री दोन वाजता, इस्पितळात. अर्ध्या तासात नर्स विचारायला आली, "कुठल्या फ्युनरल होमला कळवू?" रिक्षा कुठली बोलावू, असं विचारावं तसं. तिची काहीच चूक नव्हती, तिला खाट मोकळी करायची होती. भिंतीवर एक यादी चिकटवली होती, त्यातलं पहिलं नाव मी सांगितलं. एवढीच माझी निवड.

सकाळी त्यांच्या ऑफिसात शवपेट्यांचा अल्बम पुढे आला. सुरुवात सगळ्यात महागापासून. मी मधल्या एकीवर बोट ठेवलं. स्वस्तातली मागायची लाज वाटली, हे खरं कारण. दहनच करायचं होतं. चकचकीत पॉलिश आणि पितळी कड्या कशासाठी, हा प्रश्न मला तीन महिन्यांनी पडला. त्या माणसाने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याने फक्त मला थांबवलं नाही.

मृत्यू दाखल्याच्या मी तीन प्रती मागितल्या होत्या, लागल्या अकरा. बँक, विमा, पेन्शन, घराची नोंद, गाडी, प्रत्येकाला अस्सल प्रत हवी. शिवाय एका कागदावर त्याचं नाव पूर्ण, दुसऱ्यावर आद्याक्षरांनी. त्यापायी दोन महिने गेले. अण्णांच्या सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे का ते आजच बघ. जन्मतारीख, आईवडिलांची नावं, हे सगळं दाखल्याच्या फॉर्मवर विचारतात आणि त्या क्षणी सासूबाईंचं माहेरचं नाव आठवत नाही.

आणि त्याचा फोन कुलूपबंद होता. सगळे मित्र त्या फोनमध्ये. दोघांना तीन आठवड्यांनी कळलं, त्यातला एक अजून माझ्याशी नीट बोलत नाही. तेव्हा कुणाकुणाला कळवायचं ती नावं आणि नंबर हाताने कागदावर लिहून घे.

रात्रपाळी

मी १७ वर्षं एका फ्युनरल होममध्ये काम केलं, त्यातली ११ रात्रीच्या फोनवर. आता निवृत्त आहे, कुणाची जाहिरात करायची नाही. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आधी अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर, कारण तोच खरा प्रश्न आहे. नीट चालणाऱ्या ठिकाणी 'चिठ्ठी' माणूस ताब्यात घेतो तिथेच बांधली जाते, मग ते घर असो वा इस्पितळ. घोट्याला किंवा मनगटाला पट्टी, त्यावर नाव आणि नंबर. तोच नंबर रजिस्टरमध्ये, तोच शीतगृहातल्या कप्प्यावर, तोच पेटीवर. प्रत्येक वेळी हात बदलला की देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही, वेळेसकट. दहनाच्या वेळी नंबर कोरलेली धातूची चकती देहाबरोबर आत जाते. भट्टीचं तापमान ८०० ते १००० अंश सेल्सिअसच्या घरात असतं, त्यात ती टिकते आणि अस्थींबरोबर बाहेर येते. भट्टीत एका वेळी एकच देह. अण्णांनी म्हणावं, "रजिस्टर दाखवा, नावं झाकून दाखवा." जो दाखवेल तो निम्मी परीक्षा पास.

आता तुम्ही काय बघायचं. गालिचा आणि फुलं बघू नका, मागचं दार बघा. गाडी कुठे लागते, तिथे उजेड आहे का, जमीन धुतलेली आहे का. शीतगृह त्यांचं स्वतःचं आहे की दुसऱ्याकडे भाड्याने ठेवतात? भाड्याने ठेवण्यात गैर काही नाही, लहान ठिकाणांना परवडत नाही. पण विचारल्यावर सरळ सांगितलं पाहिजे. तापमान विचारा, २ ते ४ अंश असायला हवं. आणि नाकावर भरवसा ठेवा. जंतुनाशकाचा वास चालेल, अत्तराचा दर्प आला तर मी दुसरीकडे जाईन.

रात्री तीनला फोन कोण उचलतं? मी उचलायचो तेव्हा मला दर, नियम, गाडी कुठे आहे, सगळं ठाऊक असायचं. आता पुष्कळ ठिकाणी फोन कुठल्या तरी कॉल सेंटरला जातो. तुम्हीच एकदा रात्री फोन करून बघा. त्याच फोनवर दर विचारा. "आधी या, बसून बोलू," असं म्हणणाऱ्याकडे बसल्यावर काय होतं ते भुईचाफा ताईंनी लिहिलंच आहे. अमेरिकेत १९८४ पासून केंद्राचा नियमच आहे की फोनवर विचारलं तरी दर सांगायचे, समोर आलेल्याला बाबवार छापील यादी हातात द्यायची, आणि गिऱ्हाइकाने शवपेटी बाहेरून आणली तर नाकारायची नाही. नियम करावा लागला, यावरून समजून घ्या. तुमच्याकडे नियम असो नसो, यादी मागायला कुणाची बंदी नाही. त्या यादीत दोन रकाने वेगळे हवेत: त्यांची स्वतःची आकारणी, आणि तुमच्या वतीने दुसऱ्याला भरायचे पैसे, म्हणजे दहन किंवा दफनभूमीचं शुल्क, दाखले, वर्तमानपत्रातली सूचना. पॅकेज सांगितलं तर एवढंच विचारा, "यातलं काय काय वगळता येतं?"

एम्बामिंगचा आग्रह होईल. त्यात मानेजवळची धमनी उघडून फॉर्मॅल्डिहाइडचं द्रावण आत सोडतात आणि शिरेतून रक्त बाहेर काढतात. कुजणं लांबतं, थांबत नाही. देह विमानाने परदेशी न्यायचा असेल तर बहुतेकदा लागतं. अनेक दिवस दर्शनाला ठेवायचा असेल तर उपयोगी. दोन दिवसांत विधी होणार असेल तर चांगलं शीतगृह पुरतं. "हे करावंच लागतं" असं कुणी म्हणालं तर कुठल्या नियमाने ते विचारा.

पेसमेकर आहे म्हणालात, तो वहीत लाल शाईने लिहा. दहन असेल तर तो काढावाच लागतो, त्यातली बॅटरी भट्टीत फुटते. कापायचं काम फार छोटं आहे, पण सांगायलाच कुणाला सुचत नाही. खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा बदललेला असेल तर तो राहू द्या, तो नंतर बाजूला निघतो.

कवळी असेल तर शक्य तितक्या लवकर बसवून द्या. साधारण दोन ते चार तासांत जबड्याकडून ताठरपणा यायला लागतो, बाराएक तासांत सगळं शरीर ताठतं, मग दीड-दोन दिवसांत ते उतरतं. मधल्या वेळात कवळी घेऊन धावत आलेले मुलगे मी किती तरी पाहिलेत. कपडे कुठले ते लिहा आणि एका पिशवीत ठेवून द्या. अंगठी काढायची की राहू द्यायची, हेही लिहा. या एका अंगठीवरून जेवढी भांडणं आमच्या पायरीवर झाली तेवढी जमिनीवरून झाली नसतील.

एक गोष्ट राहिली. लोक म्हणतात, कर्मचारी 'बॉडी' म्हणतात की नावाने बोलतात ते बघा. मला पटत नाही. आमच्यातला सगळ्यात हळुवार हाताचा माणूस कायम 'बॉडी'च म्हणायचा, आणि नावाने, 'काका-काका' करत बोलणारा एक जण रजिस्टरमध्ये वेळ लिहायला विसरायचा.

शंकासूर

गेल्यावर माणसाला काय फरक पडतो? कुठेही टाका. उगाच वह्या आणि याद्या.

भुईचाफा

शंकासूर, जाणाऱ्याला नसेल पडत. टाकायला जाणाऱ्याला पडतो.

कडेकडेने

रात्रपाळी, अण्णांनी तुमचा प्रतिसाद मला दोनदा मोठ्याने वाचायला लावला. 'चकती' या शब्दाखाली वहीत दोन रेघा आहेत. पेसमेकर लाल शाईने लिहून झाला. कवळीच्या परिच्छेदाला त्यांनी खिशातून स्वतःची काढून दाखवली आणि म्हणाले, "ही तर आत्ताच बसवत नाही, तेव्हा कोण बसवणार."

दोन नवे फाटे फुटलेत. एक, माझ्या लेकीने त्यांना पाण्याने विघटन करण्याच्या पद्धतीचं सांगितलंय. दुसरं, अण्णा म्हणतात देहदान केलं तर हा फ्युनरल होमचा प्रश्नच उरत नाही. खरंच उरत नाही का?

रात्रपाळी

पाण्याची पद्धत खरी आहे. पोटॅशियम हायड्रॉक्साइड घातलेल्या गरम पाण्यात, दाबाखाली, काही तासांत मऊ भाग विरघळतो. हाडं उरतात, त्यांची पूड करून घरच्यांना देतात. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू डिसेंबर २०२१ मध्ये गेले, त्यांनी स्वतःसाठी हीच पद्धत मागून घेतली होती. देहाची माती करण्याची पद्धतही निघाली आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये तिला कायद्याने परवानगी दिली. पण दोन्ही सगळीकडे चालत नाहीत. तुमच्या जवळपास सोय आणि परवानगी दोन्ही असेल तरच वहीत लिहा. नाहीतर पोरं शेवटच्या दिवशी ते शोधत बसतील.

देहदानाचं मी अर्धवट सांगणार नाही, इथे जाणकार आहेत.

आडवाट

मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात बरीच वर्षं शिकवलं. देह स्वीकारताना हजर असायचो. अण्णांना आधी नमस्कार सांगा.

प्रश्न उरतो. देहदानाचा फॉर्म ही दात्याची इच्छा आहे, महाविद्यालयाची हमी नाही. शवविच्छेदन झालेला देह आम्ही घेऊ शकत नाही. तेव्हा अपघात किंवा संशयास्पद मृत्यू असला तर बाद. काही संसर्गजन्य आजार, कुजायला लागलेला देह, फार खंगलेला किंवा फार स्थूल देह, आणि कधी कधी चक्क आमच्याकडे जागा नाही. असं 'नाही' कानावर आलं की घरचे दारात उभेच्या उभे राहतात, कारण दुसरा काही विचार केलेलाच नसतो. म्हणून देहदान वहीत पहिलं लिहा आणि निवडलेलं फ्युनरल होम दुसरं. देह आमच्यापर्यंत पोचवणारी गाडीही कुणाची तरी लागतेच, आमची असेलच असं नाही.

नेत्रदान मात्र वेगळं. ते बहुतेक कुणालाही करता येतं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी, आणि बऱ्याच महाविद्यालयांत ते करूनही देह स्वीकारतात. मात्र सहा तासांच्या आत. पापण्या मिटायच्या, वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद, डोकं उशीवर थोडं उंच. नेत्रपेढीचा नंबर वहीच्या पहिल्याच पानावर हवा, कारण बाकी सगळं थांबतं, हे थांबत नाही.

अस्थी परत मिळतात का, हेही विचारून ठेवा. काही ठिकाणी अभ्यास संपल्यावर, म्हणजे वर्ष-दोन वर्षांनी मिळतात, काही ठिकाणी अजिबात नाही. लेकीला चालेल, मुलाला चालेल का?

त्यावरूनच शेवटचं. तुमचे दादा. फॉर्मवर सही असली तरी वारसाने दारात "नको" म्हटलं तर आम्ही देह ओढून नेत नाही. एकदा एक गृहस्थ गेले, त्यांनी आमच्याच विभागात येऊन फॉर्म भरला होता, मला पेढे... असो. मुलाने नाही म्हटलं. मी गाडी परत पाठवली.

पक्कीवही

पैसे आगाऊ भरण्याबद्दल कुणीच बोललं नाही, तर माझं ऐका.

आईने ७० व्या वर्षी एका ठिकाणी सगळं ठरवून पूर्ण पैसे भरले. पावती, फाइल, सगळं झकास. ८३ व्या वर्षी ती बहिणीकडे राहायला गेली आणि तिथेच गेली. फाइल काढली तर ठिकाणाची मालकी दोनदा बदललेली. नव्या मालकाचं म्हणणं, योजना ठरावीक अंतरातच लागू आहे, बाहेरून आणायचा खर्च वेगळा. शिवाय आईने निवडलेली पेटी "आता बनत नाही," तर फरक भरा. बहीण रडत होती आणि मी फोनवर एका माणसाशी किलोमीटरवरून वाद घालत होतो. शेवटी बहिणीच्या जवळच्या दुसऱ्याच ठिकाणी सगळं केलं. आईचे भरलेले पैसे काही कापून परत आले, सात महिन्यांनी.

म्हणून भरायचेच असतील तर हे विचारा: पैसे ठेवणार कुठे? विश्वस्त निधीत, विमा कंपनीकडे, की यांच्याच चालू खात्यात? चालू खात्यात असतील तर धंदा बुडाला की तेही बुडाले. दर आजचाच राहणार हे लेखी आहे का, की ही फक्त अनामत, फरक त्या दिवशी? गाव बदललं तर? मन बदललं तर किती कापणार? हप्त्याने भरताना मधेच माणूस गेला तर उरलेलं कोण भरणार? ब्रिटनमध्ये अशा योजनांचा इतका घोळ झाला की २०२२ पासून तिथे वित्तीय नियामकाच्या परवानगीशिवाय त्या विकताच येत नाहीत.

माझं मत विचाराल तर ठरवा सगळं, भरा काहीच नाही. तेवढी रक्कम बँकेत वेगळी ठेवा, पण खातं जोडनावाने काढा, हयात असणाऱ्याला काढता येईल असं. नुसतं अण्णांच्या नावावर असेल तर त्या दिवशी ते गोठतं. "माझ्याकडे मुखत्यारपत्र आहे" म्हणून निर्धास्त राहू नका. देणारा गेला की मुखत्यारपत्रही संपतं. हे मला बँकेच्या खिडकीशी कळलं.

रात्रपाळी

पक्कीवही, ९० टक्के सहमत. पण ज्यांचं मागे कुणीच नाही, त्यांनी काय करायचं? आमच्याकडे एक बाई यायच्या, एकट्या, दर वर्षी एकदा, स्वतःची फाइल जागेवर आहे ना ते बघायला. त्यांनी भरले नसते तर त्यांचं करणारं कुणी नव्हतं. अशांसाठी विश्वस्त निधीतली योजना ठीक.

तळटीप

वकील आहे, पण इथे सल्ला फुकट. अंत्यविधीची इच्छा मृत्युपत्रात लिहून लॉकरमध्ये ठेवू नका. मृत्युपत्र बहुतेक घरांत सगळं उरकल्यावर उघडतात. मग वाचतात, "माझं दफन करावं."

दुसरं, कायद्याचा फार भरवसा धरू नका. इंग्लंडमधला १८८२ चा एक गाजलेला निकाल आहे. हेन्री क्रुकेंडेन नावाच्या गृहस्थांनी लिहून ठेवलं होतं की माझा देह माझ्या मैत्रिणीच्या, मिस विल्यम्सच्या ताब्यात द्या, ती तो जाळेल. घरच्यांनी पुरला. तिने दुसरीकडे पुरायचा म्हणून उकरायची परवानगी मिळवली, देह थेट इटलीत मिलानला नेला, तिथे दहन केलं आणि मग खर्चाचा दावा लावला. हरली. न्यायालय म्हणालं, मृतदेह ही कुणाची मालमत्ता नाही, तेव्हा मृत्युपत्राने तो कुणाला देताच येत नाही. काही देशांत आज लेखी इच्छेला किंवा नेमलेल्या व्यक्तीला कायद्याने मान आहे, सगळीकडे नाही. शेवटी त्या दिवशी कागदावर सही करणारा जिवंत माणूस जे म्हणेल ते होतं. त्याला आधी पटवा. आडवाट सरांनी वेगळ्या शब्दांत हेच लिहिलंय.

अण्णांच्या वहीच्या तीन प्रती करा. एक फ्युनरल होमच्या फाइलला, एक तुमच्याकडे, एक दादांकडे. प्रत्येक पानावर तारीख घाला, कारण मतं बदलतात आणि मग कुठली वही खरी यावर वाद.

कडेकडेने

तीन आठवडे झाले, थोडक्यात हालहवाल.

आणखी दोन ठिकाणं बघितली. पहिल्याने बाबवार यादी दिली, पण रजिस्टर म्हटल्यावर "ते ऑफिसचं आहे" म्हणाला. दुसरं अगदीच साधं. गालिचा नाही, फुलं नाहीत, बाकावर एक म्हातारं कुत्रं झोपलेलं. तिथल्या बाईंनी काही न बोलता आतून रजिस्टर आणलं आणि नावांच्या रकान्यावर पुठ्ठा धरून अण्णांपुढे ठेवलं. अण्णांनी चष्मा बदलला आणि चार पानं वाचली. सह्या, वेळा, नंबर. एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, "इथे घेणाऱ्याची सही नाही." बाईंनी बघितलं, खरंच नव्हती. त्या म्हणाल्या, "हो, राहिली. तो मुलगा नवा होता, त्या दिवशी मीच बरोबर होते." आणि शेजारच्या शेऱ्यावर बोट ठेवलं, तिथे चूक आणि तारीख लिहून त्यांनी स्वतः सही केलेली होती. मला वाटलं, आता उठणार. उलट ते मागे टेकून बसले आणि म्हणाले, "तूट लिहून ठेवतात. मग ठीक आहे." ठिकाण पक्कं. चकती पण दाखवली त्यांनी. स्टीलची, पत्र्याच्या कुलपाच्या किल्लीला असते तेवढी.

रात्री सव्वा तीनला मी फोनही करून बघितला. त्याच बाईंनी उचलला. मी ओशाळून "चुकून लागला" म्हटलं. त्या म्हणाल्या, "चालतं, पुष्कळ जण बघतात."

पैसे भरले नाहीत. जोडनावाचं खातं उघडलं. नेत्रपेढीचा नंबर पहिल्या पानावर आहे. देहदानाचा फॉर्म आणलाय, भरलेला नाही, कारण दादा.

त्याला मी वहीची प्रत तशीच टपालाने पाठवून दिली, वर काही न लिहिता. चार दिवस शांतता. पाचव्या दिवशी त्याचा फोन, आणि तोही थेट अण्णांना. मला वाटलं, आता अभद्रावरून होणार. तर हा चिडलेला, कारण 'प्रथम कळवावे' या यादीत माझं नाव पहिलं आणि त्याचं दुसरं. "थोरला मी की ती?" अण्णा शांतपणे म्हणाले, "तुझा फोन रात्री बंद असतो." मग बराच वेळ तिकडून काही ऐकू आलं नाही. मग दादा म्हणाला, "चालू ठेवतो आजपासून. नाव वर घ्या." अण्णांनी वही मागवली, खोडलं, तारीख टाकली, सही केली, आणि मग विचारलं, "आणि ती पक्कड?"